मुलांचा घरचा इतिहास

माझी नात चौथीत आहे. सुट्टीत तिला घरी इतिहास शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि तुमच्यापैकी पुष्कळजणी करतात तेच मी केले. फोन तिच्या हातात दिला आणि भाजी निवडायला बसले. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन चित्रफिती तिने पाहिल्या. दोन्हींत सनईचौघडा तसाच, सांगणाराचा आवाजही तसाच भारावलेला. पण एकीत जन्माचे साल १६२७, तर दुसरीत १६३०. पोरगी म्हणाली, "आजी, दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

"१६३० खरं," असे सांगून मी मोकळी झाले. "पण तुला कसं कळलं?" हा तिचा पुढचा प्रश्न मात्र मला पेलवला नाही. आणि खरं सांगू का, इतिहास शिकायचा तो ह्याच प्रश्नासाठी. मुले हा प्रश्न विचारायची थांबली, की कुणीही यावे आणि त्यांना काहीही सांगावे.

तेव्हा भाजी बाजूला ठेवली आणि आम्ही दोघी शोधायला बसलो. इंटरनेटवर नुसते 'शिवाजी महाराज' लिहिलेत, तर समुद्र अंगावर येतो. त्याऐवजी एखाद्या पुस्तकाचे नाव घालून शोधावे. ग्रँट डफने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास लंडनला १८२६ साली तीन खंडांत छापला गेला. 'इंटरनेट आर्काइव्ह' ह्या संग्रहात तो पानोपान फुकट वाचायला मिळतो. इंग्रजी आहे खरा. पण ते एक पान आपण वाचून मुलांना मराठीत सांगावे, त्यात काय मोठेसे! तिथे जन्म १६२७ च्या मे महिन्यातला दिला आहे. म्हणजे पहिली चित्रफीत करणारा काही खोटारडा नव्हता; त्याचे साल जुन्या पुस्तकातले होते, इतकेच.

मग १६३० कुठले? भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. शकावली म्हणजे कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडले याची टिपणे. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. महाराजांच्या हयातीतच कवींद्र परमानंदाने रचलेल्या संस्कृत 'शिवभारता'तही हीच तिथी मिळते. ग्रँट डफने लिहिले तेव्हा शकावली छापलेली नव्हती, हे नातीला लगेच पटले.

पण तिने १५५१ मध्ये ७८ मिळवले आणि ओरडली, "आजी, हे तर १६२९ आलं!" मग भिंतीवरचे पंचांग खाली आले. शक बदलतो चैत्रात, इंग्रजी साल जानेवारीत. फाल्गुन म्हणजे शकाचे शेपूट, तोवर नवे इंग्रजी साल लागलेले असते. म्हणून ७९ मिळवायचे. ह्यात आमची दुपार गेली. चित्रफितीत ते साल दोन सेकंदांत येऊन गेले होते!

बाकीची साधने थोडक्यात सांगते. बालभारतीची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. जिल्ह्याचे गॅझेटियर उघडून आपल्याच तालुक्याच्या गावाची माहिती काढली, तर मुले हरखून जातात. आणि ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातले महाराजांचे सतराव्या शतकातले चित्र शोधून घरातल्या कॅलेंडराशेजारी धरून पहा. मुले आपण होऊन बोलू लागतील.

कोणतेही पान उघडलेत की एवढे पहावे : हे लिहिले कोणी, आणि कशाच्या आधारावर? दोन्ही सापडले नाही, तर ती गोष्ट कीर्तनातल्या आख्यानासारखी खुशाल ऐकावी. वहीत मात्र उतरवू नये.

आमच्या घरी आता निराळेच सुरू झाले आहे. परवा नातीने कपाटातून माझा शाळेचा दाखला काढला. त्यावर जन्मतारीख एक जून. आमच्या वेळी मास्तर निम्म्या वर्गाला एक जूनच लावीत, हे तुम्हांला ठाऊक आहेच! माझी आई मात्र सांगे, तू नारळी पौर्णिमेला पहाटे झालीस. नातीने दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या, पुढे 'कुणी सांगितलं' असा रकाना आखला आणि विचारले, "आजी, तुझी पत्रिका कुठंय?"