शोधशब्दांची निवडानिवड



वर्तमानपत्रांतील जाहिरात वाचणारा मनुष्य ती शोधीत आलेला नसतो; बातम्या वाचतां वाचतां त्याची दृष्टि तिच्यावर पडते. इंटरनेटवरील शोधयंत्रांत हा क्रम उलटा असतो. तेथें ग्राहक आधीं प्रश्न विचारतो आणि जाहिरात उत्तर म्हणून पुढें येते. जाहिरातदारानें पैसे मोजावयाचे ते ती नुसती दिसल्याबद्दल नव्हेत, तर तिच्यावर कोणी टिचकी मारली म्हणजे. १९९८ सालीं बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या अमेरिकन शोधयंत्रानें अशा जागांचा लिलाव सुरू केला. ज्याची बोली अधिक, त्याची जागा वर. २००२ सालीं गूगलनें टिचकीगणिक लिलाव स्वीकारला तेव्हां मात्र बोलीच्या जोडीस, लोक त्या जाहिरातीकडे किती वळतात हेंही जमेस धरलें. आजच्या विषयाचें मर्म या भेदांत आहे.

समजा, देवगडचा एक बागाईतदार आपला हापूस घरपोंच विकूं इच्छितो. हंगाम थोड्या महिन्यांचा. जाहिरातीसाठीं रोजचे ५०० रुपये काढून ठेवलेले. टिचकीला १० रुपये पडले, तर दिवसाला ५० माणसें त्याच्या दारीं येणार. तो ‘हापूस’, ‘आंबा’, ‘आमरस’, ‘कलम’ असे सुचतील ते कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, एकाच गटांत भरतो व सर्वांसाठीं एकच जाहिरात लिहितो. त्या पन्नासांपैकीं तीस जण आमरसाची कृति किंवा लावावयास कलम शोधीत आलेले निघाले, तर ३०० रुपये गेले आणि त्यांतून एक पेटीही हलली नाहीं. दोष आंब्याचा नव्हे, मांडणीचा.

ही मांडणी विचारणाऱ्याच्या हेतूवरून करावी. ‘हापूस पेटी भाव’ व ‘हापूस घरपोंच’ हे शब्द एका गटांत ठेवावे आणि त्या जाहिरातींत भाव व पोंचविण्याची मुदत सांगावी. डबाबंद रस शोधणारा मनुष्य निराळा. त्याच्यासाठीं गट निराळा, जाहिरात निराळी, आणि टिचकी मारल्यावर उघडणारें पानही रसाच्या डब्यांचेंच असावें. कसोटी सोपी आहे : गटांतील प्रत्येक शब्दाला ती एकच जाहिरात सरळ उत्तर देते काय? देत नसेल, तर त्या शब्दाची जागा दुसऱ्या गटांत. अर्थात् एकेका शब्दाचा स्वतंत्र गट करण्याचा अतिरेकही नको. इतक्या गटांवर देखरेख ठेवणें कोणालाच साधत नाहीं.

दुसरें काम वर्ज्य शब्दांचें. ‘कृति’, ‘कलम’ हे शब्द असलेल्या शोधांवर आपली जाहिरात दाखवूं नये, असें यंत्रास आधींच बजावतां येतें. येथें एक मेख आहे. इष्ट शब्दांच्या बाबतींत, अगदीं ‘अचूक’ जुळणी निवडली तरी, यंत्र समान अर्थाचे शोधही धरतें. वर्ज्य शब्दांच्या बाबतींत तें समानार्थी शब्द ओळखीत नाहीं. ‘कलम’ वर्ज्य केलें म्हणून ‘रोप’ वर्ज्य होत नाहीं. दोन्ही लिहावे लागतात. म्हणून लोकांनीं प्रत्यक्ष काय लिहून शोधलें, याची यादी आठवड्यास एकदां तरी वाचावी. घरांतील हिशेबाच्या वहीइतकीच ती बोलकी असते.

या शिस्तीचें फळ दुहेरी आहे. जागा ठरतांना जाहिरातीची समर्पकता आणि पानाची उपयुक्तता आजही पाहिली जाते. त्यामुळें कमी बोली लावणारा लहान विक्रेताही कधीं कधीं मोठ्या थैलीवाल्याच्या वर बसूं शकतो. आणि शोधणाऱ्याची वाट चुकत नाहीं, हा लाभ तुमचाआमचा.

गिऱ्हाईक काय मागतें तें पुरतें ऐकून मगच फडताळाकडे वळणारा दुकानदार आपण सर्वांनीं पाहिला आहे. यंत्र नवें असलें तरी त्याच्यापुढें बसणाऱ्यास हवा असलेला गुण तोच, जुना आहे.