सरकारी वकिलाच्या घरी



दरवर्षी जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर होतात आणि आपल्याकडे एकच विषय निघतो: यंदाही आपला सिनेमा नाही. इंग्रजीतर भाषांतल्या चित्रपटांसाठी जो विभाग आहे, त्यात आजवर तीनच भारतीय चित्रपटांना नामांकन मिळालं. १९५७चा ‘मदर इंडिया’, १९८८चा ‘सलाम बॉम्बे’ आणि २००१चा ‘लगान’. मराठीतून भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेलेले चित्रपटही तीनच. २००४ साली ‘श्वास’, २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ साली ‘कोर्ट’. तिन्हींपैकी एकही शेवटच्या पाचांत पोचला नाही.

का नाही पोचला, यावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून झालं आहे. मला आज त्याच्या आधीचा प्रश्न घ्यायचा आहे. मुळात एखादा चित्रपट अशा मोठ्या सन्मानाच्या लायकीचा कशामुळे ठरतो? विषय मोठा असला की? रडवणारा असला की? खर्च दिसला की? माझं उत्तर या कशातच नाही, आणि ते मांडायला मी ‘कोर्ट’ निवडला आहे. त्याला एक कारण आपल्या मातीतलं आहे. त्यातल्या नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या परसोडीचे. पुढचं आयुष्य नागपुरात गेलं, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे ते संपादक होते, आंबेडकरी चळवळीत हयात गेली. १३ एप्रिल २०२१ रोजी, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, करोनाने त्यांना नेलं. ते पेशाने नट नव्हते. तरीही जगभरच्या समीक्षकांनी त्यांचा चेहरा लक्षात ठेवला.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. मुंबईत एका वस्तीत कार्यक्रम चालू असताना पोलीस मंचावर चढतात आणि शाहिराला पकडून नेतात. आरोप असा की त्याने गायलेलं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. खटला उभा राहतो, तारखा पडतात, जामीन नाकारला जातो. एवढंच कथानक. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच चित्रपट.

आता असा विषय हाती आल्यावर बहुतेक दिग्दर्शक काय करतील, ते डोळ्यांपुढे आणा. सरकारी वकील दुष्ट, न्यायाधीश विकलेला, बचावाचा वकील शेवटच्या सुनावणीत भाषण ठोकणारा. प्रेक्षक टाळ्या वाजवतील, चीड घेऊन घरी जातील आणि जेवून झोपतील.

ताम्हाण्यांनी काय केलं? ते सरकारी वकिलाच्या घरी गेले. गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेली ही नूतन कोर्टात जुनाट कायद्यांची कलमं एका सुरात, जवळजवळ श्वास न घेता वाचून दाखवते. सहकाऱ्यांशी गप्पा मारताना ती शाहिराच्या शिक्षेविषयी असं बोलते, की जणू एखादी जुनी फाइल एकदाची बंद व्हावी. ऐकताना अंगावर काटा येतो. आणि मग कॅमेरा तिच्या मागोमाग कोर्टाबाहेर पडतो. लोकलच्या डब्यात शेजारच्या बाईशी साडीच्या, घरच्यांच्या पथ्यपाण्याच्या गप्पा. वाटेत मुलाला घ्यायचं. घरी येऊन स्वयंपाक, सगळ्यांची पानं वाढणं. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब नाटक, आणि त्या नाटकात परप्रांतीय मुलाला घरातून हाकलण्याच्या प्रसंगाला प्रेक्षागृहातून मिळणारी दाद.

ही बाई आपल्या ओळखीची आहे. आपल्या नात्यात आहे, आपल्या ऑफिसात आहे. दमलेली, कष्टाळू, घर सांभाळणारी. तिच्याविषयी आपुलकी वाटायला लागते, आणि त्याच वेळी हेही कळत जातं की एका निर्दोष म्हाताऱ्याला वर्षानुवर्षं तुरुंगात सडवण्यासाठी दुष्ट माणसाची गरजच लागत नाही. दिवसाचं काम उरकायला बसलेली ही भली बाई त्याला पुरेशी असते.

माझं म्हणणं हेच आहे. चित्रपट ज्याच्या बाजूने उभा असतो त्याच्याकडे प्रेमाने बघणं सोपं असतं. ज्याच्या विरोधात उभा असतो, त्याच्याकडेही तेवढ्याच लक्षाने, तेवढाच वेळ देऊन बघता येतं का, इथे त्याची पात्रता ठरते. याचा अर्थ त्याला माफ करणं असा नाही. ‘कोर्ट’ शाहिराच्याच बाजूने आहे, यात कुणाला शंका राहत नाही. पण नूतनचं घर बघितल्यामुळे आपली चीड एका माणसावर उतरून मोकळी होत नाही. ती व्यवस्थेवर जाते, आणि थोडी आपल्यावरही येते.

बचावाचा वकील विनय व्होरा याच्याशीही चित्रपट तितकाच सरळ वागतो. ही भूमिका विवेक गोंबर यांनी केली, निर्मातेही तेच. हा माणूस कळवळ्याचा, शाहिरासाठी स्वतःच्या खिशाला खार लावणारा. पण तो सुखवस्तू घरातला आहे, गाडीत जॅझ ऐकतो, मॉलमधून वाइन आणि चीज घेतो. मृत कामगाराच्या विधवेला तो गाडीतून घरी सोडायला जातो, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघतो. त्याच्या आधी कोर्टात तिने साक्ष दिलेली असते. नवरा गटारात उतरण्यापूर्वी दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सोसत नसे. आत झुरळं दिसली तर जीव जगण्याइतकी हवा आहे, असा त्याचा अंदाज असायचा. सुरक्षेचं साधन म्हणून महापालिकेच्या कामगाराकडे झुरळं! ती हे रडत सांगत नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगते. नंतर गाडीत वकील मदत म्हणून पैसे देऊ करतो, तर तिला पैसे नको असतात. तिला काम हवं असतं. ही भूमिका करणाऱ्या बाई नटी नव्हत्या, त्यांचा स्वतःचा नवरा याच कामात गेला होता. दुसरा एखादा दिग्दर्शक इथे कॅमेरा त्यांच्या डोळ्यांजवळ नेऊन पाणी टिपत बसला असता. ताम्हाणे आणि छायालेखक मृणाल देसाई यांनी तो लांबच ठेवला. दुसऱ्याच्या दुःखापुढे कुठे थांबायचं, हे त्यांना कळलं.

मला माहीत आहे, तुमच्यापैकी काहींना हा चित्रपट संथ वाटला असेल. कॅमेरा हलत नाही, माणसं येतात, बसतात, दुसऱ्याच कुणाच्या खटल्याचा पुकारा होतो, पंखा फिरत राहतो. पण आपल्या जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेसाठी दिवस घालवलेल्या माणसाला विचारा. शिक्षा निकालानंतर सुरू होत नाही, ती पहिल्या तारखेपासून चालू असते. त्या वाट बघण्याला पडद्यावर वेळ दिला नसता तर चित्रपट खोटा झाला असता.

आणि तो शेवट. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. इथे चित्रपट संपला असता तरी चाललं असतं, देखणाच संपला असता. पण तो न्यायाधीशांच्या मागे रिसॉर्टवर जातो. नातेवाइकांबरोबर सहल, गाणी, मुलाच्या बोलण्यातल्या दोषावर अंकशास्त्राचा आणि अंगठीचा सल्ला. दुपारी बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो, पोरं गंमत म्हणून एकदम ओरडतात, ते दचकून उठतात आणि हाताला लागेल त्या पोराच्या एक ठेवून देतात. पोरगं रडत जातं. न्यायाधीश पुन्हा डोळे मिटतात. आपल्या न्यायव्यवस्थेवर याहून नेमकं भाष्य मी मराठी पडद्यावर पाहिलेलं नाही.

ही कसोटी मी ‘कोर्ट’वरून बेतली आणि ‘कोर्ट’लाच लावली, असं कुणी म्हणेल. म्हणून मागे जाऊ. प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तो चित्रपट विष्णुपंत पागनीसांच्या शांत चेहऱ्यासाठी आठवतो, तितकाच गौरी यांनी केलेल्या जिजाईसाठी. जिजाई भक्तीच्या आड येणारी बायको. तिला कजाग ठरवून मोकळं होणं सहज शक्य होतं. पण घरात दाणा नाही आणि लेकरं उपाशी आहेत, हे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल विसरत नाहीत. ती पायातली वहाण घेऊन विठोबाच्या अंगावर जाते, तेव्हा आपण क्षणभर तिच्या बाजूचे होतो. संतपटात हे घडतं! त्याच चित्रपटातला, तुकारामांचा हेवा करणारा सालोमालो मात्र नुसता दुष्ट राहिला, आणि आज बघताना तोच भाग सर्वांत जुना वाटतो.

‘श्वास’चंही तसंच. शस्त्रक्रियेने नातवाचे डोळे जाणार, म्हणून आजोबा त्याला इस्पितळातून न सांगता बाहेर नेतात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. डॉक्टर संतापतो. त्याचा संताप दिग्दर्शक संदीप सावंत यांनी खोटा ठरवला नाही, त्याच्या जागी तो बरोबर आहे. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेच गळा दाटतो.

पात्रतेची ही गोष्ट कथेपुरतीच नसते. वर्ध्यात बोलत असताना अ‍ॅटनबरोंच्या ‘गांधी’चा उल्लेख टाळता येत नाही. अकरा नामांकनं, आठ ऑस्कर. त्यातलं वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्याबरोबर कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळालं, ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. वेशभूषेचं नामांकन वेशभूषा करणारेच ठरवतात, त्यांची नजर सहसा फसत नाही. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास तर कुणाच्याही लक्षात येईल, पण त्या चित्रपटातल्या गर्दीकडे बघा. मगन संग्रहालयात जाऊन हातकताईच्या सुताचा जाडेभरडेपणा बोटांनी बघितलेल्या वर्धेकराला त्या गर्दीतला कपडा परका वाटत नाही. मागच्या रांगेतल्या, नाव नसलेल्या माणसाच्या धोतराचीही कुणीतरी काळजी घेतली आहे. सरकारी वकिलाच्या घरी जाणं आणि गर्दीतल्या माणसाचं धोतर बघणं, मला ही दोन्ही एकाच वृत्तीची कामं वाटतात.

आता पात्रता असूनही नामांकन का हुकतं, याकडे येतो. ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसला ‘ओरिझोंती’ विभागातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणासाठीचा, असे दोन मोठे पुरस्कार मिळाले. देशात सुवर्णकमळ मिळालं. ऑस्करला मात्र दार अरुंद आहे. दरवर्षी ऐंशी-नव्वद देश प्रत्येकी एकच चित्रपट पाठवतात, त्यातून पहिली यादी निघते आणि शेवटी पाच उरतात. अमेरिकेत वितरक मिळवणं, तिथल्या सभासदांना चित्रपट दाखवणं, जाहिरात करणं, याला पैसा लागतो. ‘लगान’ने तो उभा केला. ‘श्वास’साठी तर महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी मुलांनीही आपला वाटा दिला. ती गोष्ट मला आजही अभिमानाची वाटते.

पैशाची अडचण समजू शकतो. भारताची प्रवेशिका निवडणाऱ्यांची नाही. २०१३ साली जगभर नावाजलेला ‘द लंचबॉक्स’ मागे राहिला. २०२० साली ताम्हाण्यांचाच ‘द डिसायपल’, व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवून आलेला मराठी चित्रपट, मागे राहिला. २०२४ साली पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ कान महोत्सवात ग्रां प्री घेऊन आला. मुंबईतल्या परिचारिकांची, रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे परतणाऱ्या एका बाईची ही गोष्ट. तो निवडला गेला नाही, आणि प्रवेशिका ठरवणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं की निवड समितीला तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. त्या वर्षी निवडलेल्या ‘लापता लेडीज’च्या प्रशस्तिपत्राची सुरुवात चित्रपटाच्या गुणांनी झाली नाही, भारतीय स्त्रियांविषयीच्या एका ढोबळ विधानाने झाली. ‘लापता लेडीज’वर माझा राग नाही, तो गोड चित्रपट आहे. माझा आक्षेप समितीने स्वतःला विचारलेल्या प्रश्नावर आहे. ‘तिकडच्यांना आपण कसे दिसू’ हा प्रश्न घेऊन बसलेली समिती चित्रपट बघतच नाही, आरसा बघते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. समितीने अखेरच्या फेरीतल्या प्रत्येक चित्रपटाविषयी निदान एक पान लिहून जाहीर करावं. त्यात देशाच्या प्रतिमेविषयी एक अक्षर नको. कुठल्या प्रसंगात दिग्दर्शकाने काय केलं, कुणाकडे बघितलं, कुणाकडे बघायचं टाळलं, तेवढंच असावं. आणि तोवर तुमच्या महाविद्यालयांतल्या चित्रपट मंडळांनी ते काम इथे, वर्ध्यात सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. सुरुवात ‘कोर्ट’पासून करा. परसोडीच्या माणसाचा चित्रपट आहे, त्याच्यावरचं पहिलं पान या जिल्ह्यात लिहिलं जावं.