छत आधी, उपदेश नंतर
(महाराष्ट्रीय समाजाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या उज्जैनमध्ये उपाशी कोणी झोपत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. महाकालाचे अन्नक्षेत्र आहे, घाटावर भंडारे होतात, आपल्यापैकी अनेक घरांतून पितृपक्षात शिधा जातो. पण पोटभर जेवलेला तोच माणूस रात्री रामघाटाच्या पायरीवर किंवा स्टेशनबाहेर अंग टाकतो. जेवण वाढून आपण घरी परततो. छत द्यायचे तर त्या माणसाला शेजारी म्हणून स्वीकारावे लागते, आणि तिथेच आपण अडतो.

दुसऱ्यांना सांगण्याआधी माझी चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातला एक गृहस्थ दारूपायी नोकरी आणि संसार गमावून घाटावर आला होता. नातेवाइकांनी त्याला उपचारासाठी नेले. महिन्याभराने स्वच्छ कपडे घालून तो माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, वरची खोली रिकामी आहे असं कळलं. काम मिळालंय, भाडं देईन." मी म्हणालो, "घरात विचारून सांगतो." मी कोणालाच विचारले नाही. खोली एका विद्यार्थ्याला दिली. तो पुन्हा घाटावर झोपू लागला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पिऊ लागला. तेव्हा मी चारचौघांत सांगत होतो, "बघा, मला माहीतच होतं!" आज ते वाक्य आठवले की मान खाली जाते.

बंधूंनो, व्यसन हा आजार आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हात थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवात डॉक्टरांपासूनच हवी. पण शरीरातली दारू उतरणे हा पहिला टप्पा झाला. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तिथे पाच आठवडे ठेवून घेतात आणि नंतरही पाठपुरावा करतात. पत्नींसाठी वेगळा गट आहे. म्हणजे खरी परीक्षा बाहेर पडल्यावर सुरू होते, हे त्यांनी ओळखले. ज्याला घर आहे तो घरी परततो. ज्याला नाही, तो कुठे परतणार? त्याच पायरीवर, त्याच सोबत्यांत. थंडी आणि भीती विसरायला तिथे एकच औषध मिळते.

हा प्रश्न लहान नाही. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 70 हजार बेघर मोजले गेले. त्यांत सुमारे 1 लाख 46 हजार आपल्या मध्य प्रदेशात होते. सर्वच व्यसनी होते असे मुळीच नाही. घर गेले म्हणून प्यायला लागलेलेही त्यांत असतात. 2013 साली केंद्राने शहरी निवाऱ्यांसाठी मापदंड घातला: दर लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी, चोवीस तास उघडे असलेले निवारे. 2011 मध्ये उज्जैनची लोकसंख्या पाच लाखांवर होती. त्या हिशेबाने किमान पाचशे जणांसाठी निवारे हवेत. आपल्या पार्षदाला कोणी कधी विचारले का, की ते कुठे आहेत आणि रात्री दोन वाजता दार उघडतात का?

1 एप्रिल 2025 पासून उज्जैन शहरात दारूची दुकाने बंद झाली. त्याचे स्वागत करू. पण शहरातले दुकान बंद झाले म्हणून आजार शहराबाहेर जात नाही. 2028 चा सिंहस्थ समोर आहे. घाट मोकळे दिसावेत म्हणून या माणसांना गाडीत घालून दूर सोडून देणे हा उपाय नव्हे. असे काही होऊ लागले तर आपल्या समाजाने गप्प बसू नये.

मग करायचे काय? फिनलंडने 2008 पासून उलटा क्रम धरला. आधी दारू सोड, मग घर देतो, ही अट काढली. आधी भाडेकरार आणि किल्ली दिली, मदतीला माणूस दिला आणि उपचार बरोबरीने ठेवले. तिथले बेघर कमी झाले. त्यांच्याकडे सरकारचा पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे मान्य. पण क्रम बदलायला पैसा लागत नाही.

माझे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, समाजातील ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे अशा तीन घरमालकांनी ती उपचार घेत असलेल्या माणसाला द्यावी. करार त्याच्या नावाने व्हावा आणि तीन महिन्यांच्या भाड्याची हमी समाजनिधीने घ्यावी. त्या करारामुळे त्याला पत्ता मिळेल. पत्त्यामुळे कागदपत्रे, बँकेचे खाते आणि काम सोपे होईल. दुसरा, प्रत्येक खोलीमागे दोन सभासदांनी आठवड्यातून एकदा चहाला जावे. पाय घसरला तर डॉक्टरकडे न्यावे, सामान रस्त्यावर फेकू नये. मारामारी किंवा त्रास झाला तर जो नियम इतर भाडेकरूंना तोच त्याला. तिसरा, 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा भाग आहे आणि त्यात बेघरांचाही उल्लेख आहे. उज्जैनमध्ये त्यांतली किती घरे बेघरांसाठी राखणार, हे नगरनिगमाला लेखी विचारावे. पुढच्या निगम निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, हाच प्रश्न करावा.

काही जण म्हणतील, "घरात मुलीबाळी आहेत, जोखीम कोण घेणार?" भीती खोटी नाही. म्हणूनच हे ओझे एका घरावर न टाकता समाजाने वाटून घ्यावे, असे मी म्हणतो.

माझी वरची खोली या महिनाअखेर रिकामी होते आहे. तीनपैकी पहिली खोली माझी लिहून घ्यावी. उरलेल्या दोन नावांसाठी वही सचिवांकडे ठेवली आहे.

जय महाकाल.