आठवडी बाजार आणि दावणीची वैरण

(चाकूर येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना जुना आठवडी बाजार आठवत असेल. बाजाराच्या दिवशी औत सुटायचे, मजुरांना आठवड्याची मजुरी मिळायची. ज्वारी, तूर, करडई पायलीने मापून विकायची आणि त्याच पैशात मीठ-मिरची, कासरा, वेसण घ्यायची. लेकीच्या गावचा निरोपही तिथेच मिळे.

जनावरांचा बाजार म्हणजे तर आमची शाळा. देवणीतले वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार आणि लाल कंधारीचा रंग आम्ही तिथेच ओळखायला शिकलो. वडील बैलाचा जबडा उघडून दाखवत. दोन दाती म्हणजे दोन-अडीच वर्षांचा, जुळलेला म्हणजे पाचच्या आसपास. दर मात्र कानावर पडत नसे. तो रुमालाखाली बोटे धरून ठरे.

१९७२ च्या दुष्काळात आमची जोडी त्याच बाजारात न्यावी लागली. बैल जुळलेले, कामाला चांगले. पण घरचा कडबा संपला होता, आणि हे दलालाला बैलांच्या बरगड्यांवरूनच कळले. सकाळी वडिलांनी रुमालाखालचा हात काढून घेतला. सायंकाळी त्याहून कमी दरात बैल दिले. परतताना त्यांच्या खांद्यावर नुसता कासरा होता.

दोष बाजाराचा नव्हता. अडलेल्याला दर मिळत नाही, हा त्यातला धडा. २०२२ मध्ये लम्पी रोगामुळे जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. तेव्हा विकतो म्हटले तरी सोय नव्हती.

आज आपल्याकडे ज्वारीच्या रानात सोयाबीन आले. रोख पैसा आला, पण दावणीचा कडबा कमी झाला. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१. रब्बीत थोड्या तरी रानात 'परभणी मोती'सारखी ज्वारी पेरावी.

२. वैरणीचा हिशेब आधी मांडावा. एका बैलाला रोज निदान ६ किलो धरली, तर जोडीला चार महिन्यांसाठी सुमारे साडेचौदा क्विंटल लागते.

३. गंजी उंच, कोरड्या जागी रचून झाकावी. कडबा कुट्टी करूनच घालावा, म्हणजे नासाडी होत नाही.

४. जनावर विकायचेच असेल, तर वैरण शिल्लक असतानाच बाजार दाखवावा.

बंधूंनो, गंजी भरलेली असली की रुमालाखालचा हात काढून घेता येतो, आणि सायंकाळी बैल घेऊन घरीही येता येते.