बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर



नववीत मी विज्ञानाच्या बाईंना विचारलं होतं, "गाडीच्या इंजिनावर विमान उडेल का?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत नाही. तू शोध आणि मला सांग." पुढे पापडी सुटली, मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये रमले. उत्तर द्यायचं राहिलंच. बाई, आज तुम्ही समोर आहात, तर देऊन टाकते.

उडतं! अमेरिकेत बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ साली फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन बसवून घरी बांधलेलं विमान उडवलं. पुढे फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावरही अनेक छोटी विमानं उडाली.

पण इंजिन नुसतं उचलून बसवता येत नाही. आजच्या गाडीचं इंजिन पूर्ण ताकद देतं ते मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर. पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ गेली तर ताकद वाया जाते, म्हणून पंखा साधारण अडीच हजारांवरच फिरवावा लागतो. मधे गिअर आला, की त्याच्या कंपनांनी दांडा तुटू शकतो. शिवाय गाडी रस्त्यावर क्वचितच पूर्ण जोर लावते. विमानाचं इंजिन मात्र तासन् तास पाऊण ताकदीवर चालतं. त्यामुळे ते थंड ठेवणं हे मोठंच काम.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची. विमानाच्या पारंपरिक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो असतात. एक गेला तरी दुसरा चालतो, बॅटरीही लागत नाही. गाडीत इंजिन चालवायला बहुधा एकच संगणक आणि एकच बॅटरी. माझा एक प्रोग्राम असाच एका रात्री बंद पडला होता. "दुसरी सोय कशाला?" असं मीच म्हटलं होतं. सकाळपर्यंत लोक खोळंबले, मी रडले. गाडी बंद पडली तर कडेला लावता येते. आकाशात कडेला लावायची सोय नाही.

आपल्याच रेल्वेमार्गावर, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली. बांधण्याइतकीच चिकाटी परवानगीसाठी लागली.

बाई, त्या दिवशी तुम्ही "गप्प बस" म्हणाला असता, तर मी गप्प बसले असते. तुम्ही "माहीत नाही" म्हणालात, म्हणून शोधत राहिले.