निजलेला कंद
(रौप्यमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक, बागवान नव्हे. तरीही आज ही कुंडी घेऊन आलो. आत नुसती कोरडी माती पाहून दारातच एका गृहस्थांनी विचारले, "मास्तर, रिकामी कुंडी कशाला?" ती रिकामी नाही. तीत कॅलेडियमचा कंद निजला आहे.

कॅलेडियम आपण पाहिलेले आहे. बाणाच्या आकाराचे पातळ पान. कुठे पांढऱ्यावर हिरव्या शिरा, कुठे हिरव्यावर गुलाबी ठिपके. घराणे अळूचे व सुरणाचे, पण मूळ वस्ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. मौज अशी की, मलायी भाषेत अळूला 'केलादी' म्हणतात, त्यावरून हे नाव निघाले आणि १८०१ च्या सुमारास ते ह्या अमेरिकन पाहुण्याला मिळाले! पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आल्फ्रेड ब्ल ह्यांनी संकराने त्यात नाना रंग आणले. आज जगातील बहुतेक कंद फ्लॉरिडातील लेक प्लॅसिड ह्या एका गावाच्या परिसरातून येतात.

ह्याच्या मूळ प्रदेशात पावसाळा सरला की कोरडा काळ येतो. तेव्हा झाड पाने टाकते आणि सारी मिळकत कंदात ठेवून निजते. हे आम्हांस ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी मार्गशीर्षात पाने पिवळी पडली, तेव्हा तहान लागली असे समजून आम्ही रोज तांब्याभर पाणी घालीत गेलो. संक्रांतीला माती उकरली तो हाती चिखल आला, दुर्गंधीसुद्धा. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "हळदीचं बेणं आपण थंडीत भिजवतो का रे?" वनस्पतिशास्त्र वर्गात शिकविणाऱ्या आम्हांला त्यावर उत्तर सुचले नाही.

तेव्हापासून पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करीत बंद करतो. कुंडी घरात उबेला ठेवतो, कारण बेळगावची रात्रीची थंडी ह्याला सोसत नाही. कंद काढून कोरड्या वाळूत ठेवला तरी चालते. उन्हाळ्यात माती चांगली तापली की कुजलेला पालापाचोळा व वाळू घातलेल्या मातीत, डोळा वर करून, दोन बोटे खोल लावावा. मधला मोठा डोळा कोरून टाकला तर बाजूचे डोळे फुटतात. पाने लहान, पण पुष्कळ येतात. (पहिल्या खेपेस आमचा हात थरथरला होता.) उजेड भरपूर हवा, दुपारचे ऊन नको. पान फुटल्यावर मात्र माती सुकू देऊ नये.

एक गोष्ट माताभगिनींना मुद्दाम सांगतो. अळूचा भाऊबंद म्हणून हे पान फदफद्यात घालू नये. ह्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. शेजारच्या एका लेकराने पान चावले, तर ओठ व जीभ सुजून ते घटकाभर रडत होते. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कुंडी मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी आणि कंद कापताना हातमोजे घालावेत.

ही कुंडी आम्ही ट्रस्टच्या वाचनालयाच्या खिडकीत, उंचावर, ठेवून जात आहोत. वळवाचा पहिला पाऊस पडेपर्यंत तिला कोणीही पाणी घालू नये, एवढी विनंती.