रुथवेलचा मोडलेला क्रूस

(महोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या आनंदाच्या दिवशीं मी एका प्रेस्बिटेरियन मंडळीची हकीकत सांगणार, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु ही हकीकत पवित्र क्रूसाची आहे; म्हणून ती आपलीहि आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिणेस, सॉल्वे खाडीनजीक, रुथवेल नांवाचें खेडें आहे. तेथें आठव्या शतकांत भाविकांनीं सुमारें १८ फूट उंच दगडी क्रूस उभारिला. प्रभूचे चरण धुणारी स्त्री, दृष्टि पावलेला आंधळा, पवित्र मरियेस देवदूताचा निरोप, असे प्रसंग त्यावर कोरिले. आणि कडांवर रून नामक प्राचीन लिपींत एक काव्य खोदिलें. त्या काव्यांत क्रूस स्वतःच बोलतो व आपल्यावर खिळलेल्या प्रभूचें दुःख सांगतो.

१५६० सालीं स्कॉटलंडनें रोमशीं संबंध तोडिला व पुढें तेथें प्रेस्बिटेरियन पंथ स्थिरावला. या पंथांत बिशप नसतात. पाळक व निवडलेले वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात. १६४२ सालीं त्यांच्या महासभेच्या हुकुमावरून रुथवेलचा क्रूस मूर्तिपूजेचें चिन्ह ठरून फोडण्यांत आला. त्याचे तुकडे शंभरांहून अधिक वर्षें प्रार्थनामंदिरांतच पडून होते. नंतर ते बाहेर कबरस्थानांत टाकिले गेले.

१७९९ सालीं हेन्री डंकन हे तेथें पाळक म्हणून आले. तरुणपणीं त्यांनीं लिव्हरपूल येथें एका पेढींत काम केलें होतें. मजुरांची हलाखी पाहून १८१० सालीं त्यांनीं गांवांत बचतीची पेढी काढिली. मोठ्या पेढ्या दहा पौंडांखालीं ठेव घेत नसत; येथें सहा पेन्सहि चालत. पहिल्या वर्षीं १५१ पौंड जमले, आणि हा प्रघात पुढें देशोदेशीं पसरला.

ज्या हातांनीं गरिबांचे पेन्स जमविले, त्याच हातांनीं क्रूसाचे तुकडेहि जमविले. डंकन यांनीं ते जुळवून आपल्या निवासाच्या बागेंत क्रूस पुन्हां उभा केला. आडवा भाग मिळेना, म्हणून १८२३ सालीं नवा घडविला. त्यावरील काम जुन्याशीं जुळत नाहीं, आणि शेंड्याचा दगड तर उलटा बसला आहे. तरी क्रूस उभा राहिला!

१८४३ सालीं, मंडळीच्या कारभारांत सरकार व जमीनदार यांचा हात नको म्हणून, चारशेंहून अधिक पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले. डंकन त्यांत होते. वेतन गेलें, घर गेलें, बागेंतील क्रूसहि मागें राहिला. १८४६ सालीं ते वारले. १८८७ सालीं मंदिरास मुद्दाम एक नवा भाग जोडून क्रूस छताखालीं आणिला. आजहि तो तेथेंच आहे.

बंधुभगिनींनो, क्रूस फोडणारांस दोष देणें सोपें आहे. परंतु हातोडा उचलतांना आपण देवाचीच सेवा करितों, असें त्यांसहि वाटत होतें. आपल्या गांवांतहि धर्माच्या व मानाच्या नांवाखालीं भावाभावांचे संबंध तुटले नाहींत काय? ते तुकडे आपल्याच अंगणांत पडले आहेत. जोडतांना एखादा दगड उलटा बसेल, बसूं द्या. या महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक घरानें एक तरी तुकडा उचलावा, एवढीच माझी विनंती आहे.